पहारा चालू आहे

१ डिसेंबर, सोमवार

विमा एजंटानं जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. आज मंजिरीनं ती कपाटातून काढून माझ्यासमोर आपटली. म्हणाली, "तुझं सर्व्हर-पुराण मला ऐकवून उपयोग नाही. मला कळत नाही आणि तू थांबत नाहीस. ह्यात लिही." बायकोचा हुकूम, तेव्हा लिहिणं आलं.

तर चंदीगडशेजारी मोहालीत, विमानतळापाशी, एयरोसिटीजवळच्या एका खासगी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आमची पुण्याची कंपनी चालवते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डायरी झाली म्हणून काय, धंद्याची रीत पाळायला हवी. तिथे गेल्या आठवड्यापासून सकाळची नोंदणी रखडायला लागली आहे. पेशंटचा मोबाइल नंबर टाकला की त्याची जुनी फाइल समोर यायला हवी, आणि पूर्वी ती चटकन यायची. आता काउंटरवरची मुलगी नंबर टाकते, पेशंटकडे बघून हसते, स्क्रीनकडे बघते, पुन्हा हसते. हसू संपतं, फाइल येत नाही. मागे रांग दारापर्यंत.

मी तिथला डेटाबेसवाला. सगळ्या पेशंटांची माहिती जिथे साठवलेली असते त्या कोठाराचा राखणदार म्हणा. सॉफ्टवेअर ह्या कोठाराला दिवसभर प्रश्न विचारत असतं आणि कुठला प्रश्न का अडला हे मी शोधायचं. एरवी ह्या कामात माझा हात धरणारा कंपनीत कोणी नाही, हे मी म्हणत नाही, पुण्याचे माझे साहेब नंदकुमार सर म्हणतात. तेही फक्त पगारवाढ नाकारताना.

हॉस्पिटलचे प्रशासक भल्लासाहेब आज फार गोड बोलले, तेव्हाच मी सावध झालो. "ऋषी जी, इकतीस को काँट्रॅक्ट खतम है. ऊपरवाले पूछ रहे हैं, रिन्यू क्यों करें?" हृषीकेश हे नाव इथे कोणाच्या तोंडात बसत नाही, त्यामुळे मी सगळ्यांचा ऋषी जी.

काँट्रॅक्ट गेलं तर कंपनीचं चंदीगडचं काम संपलं आणि माझी बदली झाली. आमची लेक अक्षरा बारावीला आहे. आठवीत नागपूरहून भोपाळला नेली, दहावीनंतर भोपाळहून इथे. इथे येताना मी तिला शब्द दिला होता की बारावीची परीक्षा होईपर्यंत आता हलायचं नाही. ती फक्त म्हणाली होती, "पक्का?" मी म्हणालो होतो, "पक्का."

२ डिसेंबर, मंगळवार

आज कामाला लागलो. आधी पूर्ण लॉग चालू केला. म्हणजे डेटाबेसला कोणी काहीही विचारलं तरी त्याची नोंद होणार: कोणी विचारलं, किती वेळ लागला, उत्तर कुठून शोधून आणलं. शिवाय एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पहारा'. हा पहारा माझ्या लॅपटॉपवरून दर पाच मिनिटांनी डेटाबेसमध्ये फेरी मारतो, कोण कोणासाठी खोळंबलंय ते विचारतो, आधीच्या सगळ्या फेऱ्यांशी ताडून बघतो आणि तिथेच, डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात लिहून ठेवतो.

पहिल्या काही फेऱ्यांत यादीभर माझंच नाव दिसायला लागलं, कारण पहारा माझ्या नावानं आत जातो. उगाच गर्दी. नोंद राहू दिली, पण लॉग असो की पहारा, दाखवायच्या यादीतून माझं नाव गाळून टाकलं. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात, आपण तपासनीस, आपलं नाव कशाला बघायचं? यादी कशी स्वच्छ झाली.

संध्याकाळी अक्षराच्या खोलीत डोकावलो. पुस्तक उघडं होतं. विचारलं, "किती झालं?"

"चल रहा है, बाबा."

मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येणार. असो, चाललंय हे महत्त्वाचं.

४ डिसेंबर, गुरुवार

सापडलं! गेल्या महिन्यात पुण्याच्या पोरांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली, तेव्हा मोबाइल नंबरांची सूचीच उडाली होती. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते आणि पान लगेच सापडतं, तसलाच प्रकार. ती नसली की डेटाबेस बिचारा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचत बसतो, तेही प्रत्येक पेशंटसाठी.

सूची पुन्हा बनवली. नोंदणी धावायला लागली. काउंटरप्रमुख हरलीन कौर मॅडमनी लांबूनच अंगठा दाखवला, मग स्वतः पिन्नीचा, म्हणजे तुपातल्या कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन आल्या. "सर जी, घर की है. घी असली है." दोन खाल्ल्या.

नंदकुमार सरांना फोन केला. ते म्हणाले, "छान. पण हेच कारण होतं हे सिद्ध कसं करणार? लॉग वाढव. पुरावा पाहिजे." बरोबर आहे त्यांचं. लॉगची पातळी आणखी वर नेली आणि पहाऱ्याची फेरी दर मिनिटाला केली. आता काही निसटायचं नाही.

मंजिरीला म्हणालो, शब्द पाळला बघ. ती म्हणाली, "एकतीस तारीख जाऊ दे आधी." ह्या बाईला आनंद करायला मुहूर्त लागतो.

६ डिसेंबर, शनिवार

पुन्हा अडलं. आणि आधीपेक्षा वाईट. आधी फक्त नोंदणी रखडायची, आता बिलिंग आणि लॅबचे रिपोर्टसुद्धा. सूची जागेवर आहे. दहादा तपासली. ती वापरलीही जातेय. मग आता हे काय?

नंदकुमार सरांनी आज तीनदा फोन केला. "किती झालं? कधी होणार?" आता माणसानं काम करावं की काम किती झालं ते सांगावं? मी एका धाग्याच्या मागे लागलेला असतो, अगदी टोक हाती येतंय असं वाटतं, तेवढ्यात फोन. मी म्हणतो, "चाललंय सर." फोन ठेवतो आणि मी कुठे होतो तेच आठवत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. ह्या साहेबलोकांना हे कधी कळणार, देव जाणे.

अक्षराच्या कोचिंगच्या टेस्टचे गुण त्यांच्या वेबसाइटवर लागले. भौतिकशास्त्रात घसरली आहे. मंजिरी म्हणाली, एखादी टेस्ट जाते. पण पहिली टेस्ट गेली तेव्हाच पाहिलं नाही तर मग केव्हा पाहायचं? आता सकाळी एकदा, कोचिंगहून आल्यावर एकदा आणि जेवणाआधी एकदा विचारायचं ठरवलं आहे. निदान बापाचं लक्ष आहे हे तिला कळू दे.

९ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवसांत सर्व्हर बंद करून चालू केला. मेमरी वाढवली. जुन्या फाइली हलवल्या. नेटवर्कवाल्याला बोलावलं, तो वायरी हलवून चहा पिऊन गेला. प्रत्येक वेळी सकाळी थोडं बरं वाटतं आणि दहा वाजता गर्दी झाली की गाडं रुततं. पहाऱ्याच्या यादीत सगळेच खोळंबलेले दिसतात, पण कोणामुळे खोळंबलेत ते दिसत नाही. जणू दार अडवणारा कोणी नाही आणि तरी कोणाला बाहेर पडता येत नाही. पंधरा वर्षं हे काम करतोय, असं कधी पाहिलं नाही.

आज काउंटरजवळ उभा होतो. एक वयस्क सरदारजी, हातात एक्स-रेचं पाकीट, बराच वेळ उभे. हरलीन मॅडम सारखं "बस दो मिनट जी" म्हणत होत्या. मला राहवेना, मी जाऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "कोई गल नहीं पुत्तर. साड्डे कोल टैम ही टैम है." आमच्याकडे वेळच वेळ आहे म्हणाले आणि माझ्याच पाठीवर थोपटलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला लिहू.

१३ डिसेंबर, शनिवार

आज अक्षराच्या शाळेत पालकसभा. अशा गर्दीच्या दिवशी हॉस्पिटल सोडून जायला नको होतं, पण मंजिरीनं दटावलं. लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकला आणि गेलो. सगळा दिवस त्यातच गेला. आधी शाळा, मग मंजिरीला सेक्टर २२ च्या बाजारातून लोकरीचे मोजे घ्यायचे होते, मग तिघांनी छोले-भटूरे खाल्ले. अक्षरा बऱ्याच दिवसांनी हसली. मी मात्र फोन हातात धरून बसलो होतो, आता येईल बोंब, मग येईल बोंब. एकही फोन आला नाही. बहुतेक त्यांनी आशाच सोडली असावी.

वर्गशिक्षिका भल्या वाटल्या. म्हणाल्या, "बच्ची तो बहुत होशियार है जी. बस एक चीज़ है. इन्व्हिजिलेटर डेस्क के पास खड़े हो जाएँ तो इसका पेन रुक जाता है." मी म्हणालो, "मॅडम, घरी आणखी लक्ष देतो." त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मागे पालकांची रांग होती.

१५ डिसेंबर, सोमवार

हरलीन मॅडम सकाळी सकाळी समोर. "सर जी, शनिवार को तो मक्खन चला! क्या किया था आपने?"

मी काय केलं होतं? छोले-भटूरे खाल्ले होते. म्हणालो, पेशंट कमी असतील. त्या म्हणाल्या, "ना जी, शनिवार को तो आधी मोहाली यहीं होती है." आकडे काढून पाहिले. खरंच, पेशंट जास्तच होते. आणि तरीही सगळं सुरळीत.

ह्यानं माझं डोकं आणखीच फिरलं. रोग कायमचा असला तर पकडता येतो, येणारा-जाणारा रोग सगळ्यात वाईट. आणि नेमका बरा असतानाचा दिवस पहाऱ्याच्या नोंदींत नाही, कारण लॅपटॉप पिशवीत होता, पहारा बंद होता! केवढी संधी गेली. पुन्हा असं व्हायला नको म्हणून आता लॅपटॉप हॉस्पिटलमध्येच ठेवायचा, कायम चालू. घरी दुसरा वापरेन. तिथूनही पहारा दिसेल.

आज दुपारपासून पुन्हा सगळं ठप्प.

१८ डिसेंबर, गुरुवार

धुकं. समोरची इमारत दिसत नाही. नंदकुमार सर आज विमानानं येणार होते, भल्लासाहेबांना भेटणार होते. विमान दिल्लीहूनच परत गेलं. एवढ्या जवळ विमानतळ असून काय उपयोग! मग व्हिडिओवर बैठक झाली. भल्लासाहेब घड्याळाकडे बघत होते. सर मला सर्वांसमोर म्हणाले, "हृषीकेश, एवढे लॉग पाठवलेस, त्यात काहीच कसं नाही? आणखी बारीक लॉग घे."

पहारा आता दर दहा सेकंदांनी. एवढ्या बारीक जाळीतून काहीतरी सापडायलाच हवं.

घरी आलो तर मंजिरी भडकलेली. "तिच्या दारावर टकटक करणं बंद कर. आज तू फोनवरून पण विचारलंस तिला, दुपारी. कोचिंगच्या वर्गात होती ती." मी म्हणालो, मी फक्त विचारतो, ओरडतो का? कधी आवाज चढवलाय? ती म्हणाली, "ओरडलास तर बरं, एकदाच काय ते होऊन जाईल."  तिकडे साहेब, इकडे ही. मी काय माझ्यासाठी करतोय हे सगळं?

२० डिसेंबर, शनिवार

अक्षराची पूर्वपरीक्षा सुरू झाली. आज भौतिकशास्त्राचा पेपर. अर्धा सोडून आली. रडलीसुद्धा नाही, नुसती बूट काढत बसली होती. म्हणाली, "आता था, बाबा. सब आता था. बस हाथ नहीं चला."

येत होतं आणि हात चालला नाही, म्हणजे काय? सराव कमी पडला, दुसरं काय. मी ओरडलो नाही. ठरवलं, तिला एकटं सोडायचं नाही. संध्याकाळी खुर्ची घेऊन तिच्याच खोलीत बसलो. ती तिच्या टेबलाशी, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पहाऱ्यावर नजर ठेवून. ती मधेच मान वर करायची, मी हसायचो, ती पुन्हा खाली बघायची. बराच वेळ एकच पान उघडं होतं. अवघड धडा असणार. पण बरं वाटलं, बापलेक एकत्र बसलो. किती दिवसांत असं बसलो नव्हतो.

मंजिरी दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघून परत गेली.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज कोसळलं. रखडलं नाही, पूर्ण बंद. धुक्यामुळे लोक उशिरा आले आणि सगळे एकदमच आले. सगळ्या काउंटरांच्या स्क्रीन गोठल्या. हरलीन मॅडमनी मुलींना कागद वाटले आणि चिठ्ठ्यांवर नावं लिहायला लावली. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन ह्या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरत होती. तिची आधीची औषधं फाइलमध्ये आणि फाइल माझ्या डेटाबेसमध्ये. डॉक्टर फोनवर ओरडत होते. मी सर्व्हरच्या खोलीत दोन हात मांडीवर ठेवून बसलो होतो. काय करायचं हेच सुचत नव्हतं. जे जे येतं ते सगळं करून झालं होतं. शेवटी बंद करून चालू केलं, जे कोणी शेंबडं पोरही करेल.

भल्लासाहेब आज गोड बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसते "अच्छा जी" म्हणाले. ते जास्त झोंबलं.

सरांचा फोन: "किती झालं?" मी: "चाललंय सर." दुसरं काय सांगणार? 

२६ डिसेंबर, शुक्रवार

संपलं. हॉस्पिटलनं दुसरी कंपनी नेमली. नव्या वर्षापासून त्यांचं सॉफ्टवेअर. एकतीसपर्यंत मी सगळा डेटा त्यांच्या ताब्यात द्यायचा आणि सर्व्हरवरून आमचं जे काही असेल ते पुसून टाकायचं. सरांचा मेल दुपारीच आला. गुवाहाटी, पाच जानेवारीला हजर. घर कंपनीचं, जानेवारीअखेर रिकामं करायचं. खाली लिहिलंय, तुमच्या सहकार्याबद्दल आभार.

मंजिरीला सांगितलं. तिनं आधी ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "आम्ही दोघी इथेच राहतो मार्चपर्यंत. सेक्टर २२ ला खोल्या मिळतात भाड्यानं. तू जा." तिनं केव्हाच विचार करून ठेवला होता, हे उघड होतं. माझ्यावर भरवसा नव्हता असं म्हणू, की माझ्यापेक्षा तिला जास्त दिसत होतं असं म्हणू?

"अक्षराला तू सांगायचंस," ती म्हणाली. "पक्का तू म्हणाला होतास."

नाही सांगितलं. तीस तारखेला तिचा शेवटचा पेपर आहे. तोवर नको. आज तिच्या खोलीतही गेलो नाही. कुठल्या तोंडानं विचारू, किती झालं म्हणून?

२९ डिसेंबर, सोमवार

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी आवराआवर सुरू केली. आमचं म्हणून जे जे होतं ते एकेक काढायचं. सुरुवात पहाऱ्यापासून केली, कारण तो आमचाही नव्हता, माझा होता. बंद केला. पूर्ण लॉगही बंद केला. मग चहा आणायला म्हणून खाली उतरलो. नोंदणीपाशी रांगच नव्हती. मला वाटलं, सुट्टीचे दिवस आहेत. हरलीन मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या, "सर जी, ए की कीता तुसी? बटन दबाओ, आ गई! देखो, देखो!" एका म्हाताऱ्याचा नंबर टाकला आणि फाइल आलीसुद्धा. लोक येत होते, बसतही नव्हते, जात होते.

मी वर गेलो. पहारा चालू केला. खाली फोन लावला. "रुक गया सर जी." बंद केला. "चल पड़ा." पुन्हा चालू. पुन्हा बंद. एखाद्या पोरानं दिव्याचं बटण दाबत बसावं तसा मी ते करत बसलो, शेवटी मॅडम म्हणाल्या, "सर जी, लोग खड़े हैं."

मग जे पहिल्या आठवड्यात करायचं ते केलं. यादीतून गाळलेलं माझं नाव परत आत घेतलं आणि महिन्याभराच्या नोंदी पाहिल्या. वरपासून खालपर्यंत मीच होतो. दार अडवणारा मीच. पहारा ज्या तक्त्यात लिहीत होता तो फुगत फुगत डोंगराएवढा झाला होता आणि प्रत्येक फेरीला पहारा तो अख्खा वाचून काढत होता, कारण त्या तक्त्याला सूचीच नव्हती. जगाच्या सूच्या मी तपासल्या. हा एक तक्ता माझा स्वतःचा, तिकडे बघायचं सुचलंच नाही. खरा रोग मी चार तारखेलाच बरा केला होता. त्यानंतर जे होतं ते माझं औषध होतं. सर्व्हरला विचारत होतो, का रे थांबलास? आणि तो थांबला होता मला उत्तर देण्यासाठी.

ती तापलेल्या लेकराची बाई आठवली. सरदारजी आठवले. 

सरांना फोन करून जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "लॉग वाढव मीच म्हणालो होतो." आणि थोड्या वेळानं, "रिपोर्टात कॉन्फिगरेशनची अडचण एवढंच लिही." भल्लासाहेबांकडे गेलो. त्यांनाही खरं सांगितलं, म्हटलं, आता नीट चालतंय, फक्त तीन महिने द्या. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "ऋषी जी, आप बंदे बढ़िया हो. पर अब साइन हो गए." चहा मी प्यालो. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

३० डिसेंबर, मंगळवार

आज दिवसभर हॉस्पिटलचं सगळं धडाक्यात चाललं होतं आणि मला काही काम नव्हतं. काउंटरच्या मुली गाणी गुणगुणत होत्या. हरलीन मॅडमनी पिन्न्यांचा डबा भरून दिला, "बेटी के लिए. पेपर दे रही है ना." आता चाललंय तर जाताय कशाला, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. मी डबा पिशवीत ठेवला.

संध्याकाळी घरी आलो. मंजिरी खोली बघायला सेक्टर २२ ला गेली होती, अजून आली नव्हती. अक्षराच्या खोलीचं दार लोटलेलं. शेवटचा पेपर झाला तरी ती टेबलाशीच बसलेली होती, वही उघडी, पेन हातात. मी दारात थांबलो. गुवाहाटीचं सांगायचं होतं. वाक्य जुळवून आणलं होतं. ते तसंच राहिलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारायची तर हिंमतच नव्हती.

बराच वेळ मी काही विचारलं नाही, म्हणून तिनंच मान वर केली. माझ्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू, काळजीनं म्हणाली, "बाबा, आपका कितना हुआ?"

महिनाभरात हे मला हॉस्पिटलबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं. कुठलाही टोमणा नव्हता त्यात. पण ते कानावर पडलं आणि माझं सगळं आतल्या आत जागच्या जागी थांबलं. काय सांगायचं, कुठून सांगायचं, काही सापडेना. तिला काळजी वाटू नये एवढंच वाटलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चाललंय."

म्हटलं आणि ऐकलं. माझाच आवाज, पण ती रोज म्हणते तसाच. तिन्ही वेळा, दाराशी, फोनवर, खुर्चीशेजारी. चल रहा है, बाबा. मला वाटायचं की चाललंय.

मी आत गेलो. खुर्ची घेतली नाही, तिच्या पलंगाच्या कडेला बसलो. पिन्नीचा डबा तिथे ठेवला.

"नाही चाललंय," मी म्हणालो. "नाही झालं ग. गेलं सगळं. पक्का म्हणालो होतो ना, ते नाही झालं."

तिनं पेन खाली ठेवलं. "मेरा भी नहीं हुआ, बाबा," ती म्हणाली. "एक भी पेपर पूरा नहीं हुआ."

मी का ते विचारलं नाही. ती पलंगावर येऊन माझ्याशेजारी बसली. मंजिरीनं खालून बेल वाजवली, दोनदा वाजवली, आणि आम्हा दोघांनाही चटकन उठता आलं नाही.